अडतिसावं ताट

इतवारीच्या भांडेबाजारात गोविंदाचं स्वतःचं म्हणावं असं फार काही नव्हतं. एक स्टूल, नाव टाकायची एक मशीन आणि यमुताईंच्या दुकानाच्या पायरीवरची तीन फूट जागा. पण अर्ध्या नागपूरच्या स्वयंपाकघरांत त्याचं अक्षर होतं. 'चि. सौ. कां. हर्षा हिस मामाकडून सप्रेम भेट' हे तो डोळे मिटून टाकू शकायचा. मामाचं नाव ठळक टाक, आत्याचं बारीक चालेल, असलेही हुकूम यायचे आणि तो ते मुकाट पाळायचा. धंद्याचा नियम एकच होता. गिऱ्हाईक सांगेल ते नाव टाकायचं, आपली अक्कल चालवायची नाही, कारण स्टीलवर पडलेला ठिपका पुन्हा पुसता येत नाही.

सदतीस वर्षांत त्याने स्वतःचं नाव मात्र कशावरच टाकलं नव्हतं. घरच्या भांड्यांवर बायकोचं होतं, ते पुरे झालं.

त्याच्या गिऱ्हाइकांत सगळ्यात जुनं गिऱ्हाईक म्हणजे गणपतराव उस्ताद. फौजेत बॉक्सिंग शिकून आलेला हा माणूस पुढे मिलमध्ये लागला, आणि मिलमधून उरलेला सगळा जीव त्याने बाजारामागच्या गल्लीतल्या व्यायामशाळेत ओतला. आजूबाजूच्या आखाड्यांत पोरं माती अंगाला फासत होती तेव्हा उस्तादांची पोरं गोणपाटात चिंध्या भरून त्याला ठोसे मारत होती. लोक हसायचे. उस्ताद हसणाऱ्याकडे पाहायचेही नाहीत, आणि पोरांकडे पाहून कधी हसायचेही नाहीत.

दर दसऱ्याला, गावभर लोक हत्यारांची आणि गाड्यांची पूजा करायचे तेव्हा या व्यायामशाळेत ग्लोव्ह्जना हळदकुंकू लागायचं. त्याच्याआधी एक मोठं काम व्हायचं. उस्ताद नवं कोरं स्टीलचं ताट पुढे ठेवायचे आणि जगातल्या दहा मोठ्या बॉक्सरांचा क्रम सांगायचे, दहापासून एकपर्यंत. गोविंदा तो ताटावर टाकायचा. वर साल. मग भिंतीवरच्या खिळ्यांवरून मागच्या सगळ्या वर्षांची ताटं खाली यायची, धुतली जायची आणि त्यांत तर्रीपोहे वाढले जायचे. पोहे सरत आले की तर्रीखालून नावं वर यायची. कोणी म्हणायचं, माह्या ताटात अली निघाला. कोणी म्हणायचं, मले दुरान भेटला, तो बी अर्धा, उरलेला पोह्याखाली हाय.

या ताटांवर एका माणसाचा सगळा राग-लोभ कोरलेला होता. टायसन अठ्ठ्याऐंशीच्या पहिल्याच ताटावर तिसरा होता. सत्त्याण्णव साली त्याने रिंगमध्ये समोरच्याचा कान चावला आणि उस्तादांनी त्याला ताटावरून हाकलून दिलं. मेवेदर पन्नास खेळला आणि पन्नास जिंकला, पण उस्तादांच्या मते तो बॉक्सर नव्हताच, वकील होता. मेरी कोम ताटावर आली त्या वर्षी चार तास वाद झाला आणि पोहे गार झाले. एक नंबरला मात्र कायम अली. त्यावर वाद करायची कोणाची छाती नव्हती.

उस्तादांचे नियम दोनच. पूर्ण लढत पाहिल्याशिवाय कोणाला नंबर द्यायचा नाही, आणि घरच्या पोराचं नाव ताटावर येणार नाही. जगात लोकांचं 'आपला तो बाब्या' असतं; उस्तादांकडे आपला तोच कार्टा. त्यांच्या हाताखाली तीन पोरं राज्यापर्यंत गेली, पण त्यांच्या तोंडून कोणाला 'शाब्बास' ऐकू आलं नाही. बाकीची पोरं हे विसरून गेली, नोकरीला लागली, सुटलेल्या पोटांनी दसऱ्याचे पोहे खायला येत राहिली. गोविंदाही त्यांच्याच पोरांतला, पण तो एकटाच विसरला नव्हता. वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षीही त्याला उस्तादांकडून एक शब्द हवा होता. आपण बॉक्सर होतो की नव्हतो, एवढंच.

त्याची हकीकत अशी की शहाऐंशी साली उस्तादांनी कुठून तरी एक कॅसेट पैदा केली. भाड्याचा व्हीसीआर आला, पंधरा पोरं एका खोलीत दाटली, आणि हॅग्लर नावाच्या टकल्या माणसाने तीन राऊंडांत समोरच्या उंच्यापुऱ्या बॉक्सरला कसं आडवं केलं ते सगळ्यांनी पाहिलं. कॅसेट मागे नेऊन पुन्हा पाहिलं. दुसऱ्या दिवशी गोविंदा न्हाव्याकडे जाऊन डोकं भादरून आला. आईने दारातच कपाळावर हात मारून घेतला. "बाप जिता हाय ना बे तुहा," ती म्हणाली आणि दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. पण टक्कल त्याने ठेवलंच.

आणि अठ्ठ्याऐंशीच्या फेब्रुवारीत भिवापूर. जिल्ह्याच्या स्पर्धेची शेवटची लढत. शाळेच्या मैदानावर संमेलनाचा मांडव पडलेला, म्हणून आयोजकांनी बाजार समितीच्या आवारात, जिथे मिरचीचे लिलाव होतात, तिथे लाकडी फळ्या टाकून रिंग उभी केली. समोर होता कन्हानचा अंकुश, कोळशाच्या खाणीत काम करणारा, दगडासारखा घट्ट. गोविंदा गुणांवर हारला. परत येताना एसटीत उस्ताद त्याच्या शेजारी बसले होते. दोन तास ते एक शब्द बोलले नाहीत. उतरताना एवढंच म्हणाले, "डावा हात खाली पडते तुहा."

गोविंदा पुन्हा रिंगमध्ये उतरला नाही. यमुताईंच्या सासऱ्यांच्या पायरीवर बसून तो नावं टाकायला शिकला. त्याच वर्षी दसऱ्याच्या आधी उस्ताद एक कोरं ताट काखेत मारून पायरीपाशी आले. तेच पहिलं ताट. तेव्हा गोविंदाला वाटलं होतं, हारलेल्या पोराला मोठ्या लोकांची नावं लिहायला लावून म्हातारा डिवचतोय.

आता उस्ताद चौऱ्याऐंशीचे होते, आणि त्यांच्या डोक्यातलं सामान इकडचं तिकडे झालं होतं.

दसऱ्याला आठ दिवस राहिले असताना कुसुमताईंचा फोन आला. कुसुमताई उस्तादांची मुलगी, हैदराबादला असायच्या. "गोविंदाभाऊ, मी बाबाले घेऊन जाऊन राहिली. उद्या संध्याकाळची गाडी हाय. पण ते ताटाचं लावून बसले. ताट झाल्याशिवाय हालत नाही म्हणते. तुम्ही येता का?"

गोविंदाने यमुताईंच्या दुकानातलं सगळ्यात जड ताट निवडलं, मशीन पिशवीत घातली आणि निघाला. हातठेले, टेम्पो, घटस्थापनेपासून अखंड वाजणारे भोंगे, सगळं ओलांडून गल्लीत शिरला. पावसाळा सरून ऊन पुन्हा चढलं होतं. गल्लीच्या तोंडाशी कोणीतरी आंबिया बहराच्या संत्र्यांचा ढीग घेऊन बसलं होतं आणि त्याचा वास व्यायामशाळेच्या दारापर्यंत सोबत आला.

चालताना त्याच्या मनात एकच होतं. उद्या संध्याकाळी गाडी सुटली की तो शब्द कायमचा हैदराबादला जाणार. खरं तर आधीच गेला असावा. मागच्या उन्हाळ्यात उस्तादांनी त्याला विचारलं होतं, तू नावं टाकणारा गोविंदा ना, तू कधी ग्लोव्ह्ज घातले का रे? त्या रात्री गोविंदा जेवला नव्हता.

व्यायामशाळेची खोली मोठी, छत टिनाचं. समोरच्या भिंतीवर सदतीस ताटं. बाहेरून जड टेम्पो गेला की सगळी ताटं एकदम किणकिणायची आणि त्यांच्यावरचा उजेड छताला जाऊन हलत राहायचा, तळ्याच्या तळाशी बसल्यासारखं वाटायचं. उस्ताद खिडकीशी आरामखुर्चीत होते. पांढरा बनियन, पायजमा, हातांची बोटं अजून जाडजूड. आतल्या खोलीत कुसुमताई पेटीत कपडे भरत होत्या.

"ये," उस्ताद म्हणाले. "त्या स्टुलावर नोको बसू. तिथं लिओनार्ड बसला हाय."

लिओनार्ड हे ताटांवरचं एक नाव होतं; गोविंदा त्या रिकाम्या स्टुलाला वळसा घालून जमिनीवर बसला.

"दोन-तीन महिने झाले, असंच चाललं हाय," कुसुमताई दारातून हळूच म्हणाल्या. "दुपारी कोणी ना कोणी येते त्याईच्याकडे. काल तो दुरान आला होता म्हणे. मी त्याच्यासाठी बी चहा ठेवला, काय करता."

"पिला का त्यानं?"

"बाबानंच पिला दोन्ही."

गोविंदाला हसू आलं. त्याने ताट मांडीवर घेतलं, मशीनची पिन बोर्डात लावली, कडेवर साल टाकलं. मशीनचा टर्रर्र आवाज सुरू झाला की उस्तादांचा चेहरा नेहमीच जागा व्हायचा, तसा आजही झाला.

"लिही. दहा नंबर, टायसन."

"टायसनले परत घेतलं?"

"कान चावला त्याले झाले किती दिवस. माफ केलं." उस्तादांनी हात झटकला. "नऊ नंबर, मेरी कोम. आठ, तो जपानी पोरगा."

"इनोए."

"हो. लहान हाय पण दणका पाह्य त्याचा. सात, उसिक."

गोविंदा टाकत गेला. अक्षरं ठिपक्याठिपक्यांनी उगवत होती. पंख्याचा वारा, संत्र्यांचा वास, छतावर हलणारा उजेड. त्याचं मन अर्धवट पेंगल्यासारखं झालं, आणि त्यालाही वाटायला लागलं की ही सगळी माणसं खोलीत आहेत, भिंतीला टेकून आपला नंबर यायची वाट पाहतायत, बोटांना पट्ट्या गुंडाळतायत. पॅकियाओ सहावा. वकीलसाहेब पाचवे, कुरकुरत का होईना. दुरान चौथा. लिओनार्डला तिसरा देताना उस्तादांनी रिकाम्या स्टुलाकडे पाहून मान हलवली, समजूत घातल्यासारखी.

"दोन नंबर," उस्ताद म्हणाले आणि थांबले. "दोन नंबर अली."

मशीन गोविंदाच्या हातातच थबकली. "अली एक नंबर हाय ना, उस्ताद?"

"दोन."

"सदतीस ताटांवर एक नंबर हाय तो."

"मले विचारून टाकून राहिला ना तू? मंग टाक."

धंद्याचा नियम. गोविंदाने दोनवर अली टाकला. आतून कुसुमताई कपडे घड्या करता करता थांबल्या होत्या. "मंग एक नंबर कोण, उस्ताद?" गोविंदाने विचारलं.

"हॅग्लर."

हॅग्लर ताटांवर कायम सहावा-सातवा असायचा. एका वर्षी तर पूर्ण गळला होता. गोविंदाला ते आवडायचं नाही, पण बोलणार कोण. "काहून?" त्याने विचारलं. "यंदाच काहून?"

उस्तादांनी खिडकीबाहेर पाहिलं. त्यांचा आवाज खाली आला, आणि बोलता बोलता इतका सरळ झाला की त्यात आजार उरला नाही.

"मी एक लढत पाहिली होती त्याची. शेवटची. त्याच्यात हारला तो. गुणांवर. त्याच्यानंतर रिंगमध्ये आलाच नाही पुन्हा."

हे खरं होतं. हॅग्लर सत्त्याऐंशी साली लिओनार्डशी गुणांवर हारला आणि त्यानंतर कधी लढला नाही, हे बॉक्सिंगचं वेड असलेल्या कोणालाही ठाऊक. गोविंदाने मान डोलावली.

"डोकं चकाचक भादरलेलं. घाम असा चमकून राहिला होता. पहिले दोन राऊंड बरोबरीत. पण तिसऱ्यात हवा फिरली."

"हवा?"

"हवा गा. हमालांनी पोती खाली केली ना. लिलाव कोणासाठी थांबते? तांबडा धुराळा उठला. सगळे शिंकून राहिले होते. लोकं शिंकून राहिले, रेफ्री शिंकून राहिला, गुण देणारे तोंडाले रुमाल लावून बसले होते. दोन ठोसे पडले तं एक लिहून राहिले होते ते."

मशीनचं बटण गोविंदाने बंद केलं. आपण ते कधी बंद केलं हे त्याला कळलं नाही.

अमेरिकेतल्या त्या झगमगत्या शहरात मिरचीची पोती कोणी रिकामी केली नव्हती. हॅग्लरच्या लढतीत कोणी शिंकलं असेल तर सर्दीने. तांबडा धुराळा एकाच ठिकाणी उठला होता, आणि तो गोविंदाच्या डोळ्यांत गेला होता. सदतीस वर्षांनी त्याचे डोळे पुन्हा चुरचुरायला लागले.

"समोरचा हुशार होता," उस्ताद सांगत होते. "वाऱ्याले पाठ देऊन उभा राहिला. याच्या तोंडावर सगळी मिरची. डोळे उघडेनात. मी कोपऱ्यात टॉवेल हातात घेतला. फेकून लढत थांबवणारच होतो. म्हटलं, पोरगा आंधळा होईन."

"मंग?" गोविंदाने विचारलं.

"मंग त्यानं मान वाकडी केली. अशी." उस्तादांनी मान किंचित डावीकडे कलवली, दारावर कोण आलं याची चाहूल घ्यावी तशी. "मले समजेना, हा काय करून राहिला. मंग समजलं. तो ऐकून राहिला होता. खाली फळ्या होत्या ना लाकडाच्या. समोरच्यानं पाय टाकला का फळी वाजे. फळी वाजली का हा मारे. डोळे बंद. गोविंदा, दीड मिनिट असा खेळला तो, दीड मिनिट. तीन ठोसे बसवले असे कानानं ऐकून. मी चाळीस वर्षं पोरं शिकवली, पण हे मी कोणाले शिकवलं नाही. मलेच येत नाही."

गोविंदाला फळ्या आठवल्या. तिसरी फळी जास्त वाजायची. ते फक्त त्यालाच ठाऊक होतं असं तो समजत होता. कोपऱ्यातून कोणाला काही दिसलंच नाही, आपण आंधळ्यासारखे हवेत हात मारत होतो एवढंच दिसलं, अशीच त्याची खात्री होती. म्हणून तर पुन्हा गेला नाही तो. त्याला त्या दीड मिनिटाची लाज वाटली होती.

"येताना एसटीत मी त्याच्या बाजूलेच बसलो होतो," उस्ताद म्हणाले. अमेरिकेतून एसटी सुटली होती आणि उस्तादांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं. "उमरेड आलं, उमरेड गेलं. तो खिडकीतून पाहून राहिला होता. मी तोंड उघडलं नाही. उघडलं असतं तं रडलो असतो गा. उस्तादच रडला तं पोरानं काय शिकावं? मंग उतरताना वाटलं, काही तरी बोललं पाहिजे. म्हटलं, डावा हात खाली पडते तुहा. खाली पडत बी होता. पण ते काय सांगाचं होतं का तेव्हा."

बाहेरून टेम्पो गेला. सदतीस ताटं किणकिणली. गोविंदाच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि त्याने ते पुसलं नाही. न बोलणाऱ्याचे गहूही विकत नाहीत म्हणतात. उस्तादांच्या कोठारात इतकी वर्षं हे धान्य पडून होतं आणि गोविंदा बाहेर उपाशी बसला होता. त्याला राग आला, फार राग आला, आणि त्या रागाच्या खाली इतकं बरं वाटत होतं की तो राग धरून ठेवता येईना.

"उस्ताद," तो म्हणाला. "तो मी होतो."

उस्तादांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. वयाने पांढरे झालेले केस, चष्मा, मांडीवरचं ताट. मग ते समजुतीने हसले, पाहुण्याच्या गमतीला हसावं तसे.

"तू नोको सांगू गा. तू नावं टाकते."

"मीच होतो, उस्ताद. भिवापूरले. अंकुश होता समोर, कन्हानचा."

"अंकुश होता," उस्तादांनी मान हलवली. "बरोबर. आणि इकडून हॅग्लर."

गोविंदाने मांडीवरचं ताट सरळ केलं.

कुसुमताई दाराशी येऊन उभ्या होत्या. त्यांना सगळं समजलं नव्हतं, पण गोविंदाचा चेहरा त्यांनी पाहिला होता. "भाऊ," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "बाबाच्या डोक्यात सगळी खिचडी झाली. दसऱ्याले सगळे येतीन, ताट पाहून हसतीन. तुम्ही हॅग्लर टाकूच नोका. अलीच सगळ्याईच्या वर राहू द्या. त्याईले आता वाचता येत नाही."

वाचता येत नव्हतं हे खरं, पण उस्ताद बोटांनी वाचायचे. ठिपक्यांवरून बोट फिरवून अक्षर ओळखायचे. गेली तीन ताटं त्यांनी अशीच तपासली होती. गोविंदाला ते ठाऊक होतं. आणि त्याला आणखीही एक गोष्ट ठाऊक होती: अलीच्या वर अजून चार बोटं जागा होती. तिथे 'गोविंदा' अगदी सहज बसलं असतं. तीनच अक्षरं. दोन मिनिटांचं काम. हक्काचं काम, कारण लढत त्याची होती, मिरची त्याच्याच डोळ्यांत गेली होती, आणि नंबर देणाऱ्याने नंबर त्यालाच दिला होता.

त्याने मशीन सुरू केली. टोक ताटापाशी नेलं आणि तसंच हवेत धरून ठेवलं. मशीन नुसती गुणगुणत राहिली.

घरच्या पोराचं नाव ताटावर नाही, हा नियम उस्तादांचा. तो इतकी वर्षं पाळून आज, उद्या गाडीत बसणाऱ्या म्हाताऱ्याच्या बोटाखाली त्याने न सांगितलेलं नाव ठेवायचं? उस्तादांनी बोट फिरवलं असतं, हे काय टाकलं म्हणून विचारलं असतं, आणि सगळी खिचडी आणखी ढवळली गेली असती. एक गोष्ट त्यांच्या डोक्यात अजून जागच्या जागी होती. ती त्यांनी कोणाच्या नावाने सांभाळली होती, याला काय महत्त्व? ती सांभाळली होती.

"गिऱ्हाईक सांगन ते टाकाचं असते, ताई," गोविंदा म्हणाला.

त्याने 'हॅग्लर' टाकायला घेतलं. सदतीस वर्षांत त्याने इतकं सावकाश काम केलं नव्हतं. प्रत्येक ठिपका आधीच्या ठिपक्याला चिकटून, 'ह'वरच्या चंद्राची कमान जशीच्या तशी, लग्नाच्या ताटावर नवरीचं नाव टाकावं तसं. ते नाव टाकताना त्याला वीस वर्षांचा एक टकला पोरगा दिसत होता, मान वाकडी करून उभा, डोळे मिटलेले. पहिल्यांदाच त्या पोराकडे पाहायला त्याला बरं वाटलं.

झाल्यावर त्याने ताट दुपट्ट्याने पुसलं, फुंकर मारून स्टीलचा कचरा उडवला आणि ताट उस्तादांच्या मांडीवर ठेवलं. उस्तादांचं जाड बोट खालून वर चढत गेलं. टायसनपाशी थोडं घुटमळलं. दुरानवरून, लिओनार्डवरून, अलीवरून पुढे सरकलं आणि सगळ्यात वर येऊन थांबलं. ते बोट तिथून पुन्हा एकदा डावीकडून उजवीकडे गेलं.

"बरोबर," उस्ताद म्हणाले.

कुसुमताई आत गेल्या. पेटीची कडी लागल्याचा आवाज आला. गोविंदाने मशीनची वायर गुंडाळली, पिशवीत ठेवली, आणि निघताना वाकून उस्तादांच्या पायांना हात लावला. दर दसऱ्याला लावायचा, पण त्या वेळी उस्ताद दुसरीकडे पाहत असायचे. आज त्यांनी त्याचं मनगट धरलं.

"गोविंदा."

"जी उस्ताद."

"तू बाजारात बसते. सतरा लोक येते तुह्याकडे. तो पोरगा भेटला कधी, तं त्याले एक सांगजो."

"काय सांगू?"

उस्तादांची नजर रिकाम्या स्टुलावर होती, पण आता तिथे कोणी बसलेलं नसावं.

"लय चांगला खेळला म्हणावं," ते म्हणाले. "उस्तादचं सांगाचं राहून गेलं म्हणावं."

गोविंदाने त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला.

"सांगतो," तो म्हणाला. "आजच सांगतो."